नोटिशीतली सौभाग्यवती

नोटीस मंगळवारी आली आणि गुरुवारी सकाळी अकराच्या आत भोयरांच्या घरी सगळे जमले. एवढ्या तातडीने या घरात माणसं एरवी फक्त कुणी गेल्यावरच जमतात. कुसुम फुलसावंगीहून पहाटेची एसटी धरून, यवतमाळला गाडी बदलून आली होती. मारोतरावांची ही थोरली लेक. बापाच्या घरी भांडं पडलं तरी हिला तिकडे ऐकू येतं, असं तिचा नवरा म्हणत असे आणि ते फारसं खोटं नव्हतं. धाकटे काका रामराव दोन घरं टाकून पलीकडेच राहत. पंचायत समितीत उभी हयात कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, पण खिशातली दोन पेनं काही निवृत्त झाली नव्हती.

कोकिळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा परातीत काढत होती. बैठक तिच्याबद्दल होती, म्हणून तिला कोणी बैठकीत बोलावलं नव्हतं. अर्थात ओसरी आणि उंबरा यांत दीड हाताचं अंतर. कुणी श्वास सोडला तरी तिला कळत होतं.

"वाच वं पुन्हा," रामराव नातीला म्हणाले.

अर्पिता मारोतरावांच्या मुलाची, गोपालची मुलगी, कळंबच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिने तिसऱ्यांदा कागद उलगडला. "प्रति, सौ. कोकिळाबाई मारोतराव भोयर..."

"थे जाऊ दे. खालचं वाच."

"'आपण विधवा या प्रवर्गातून निराधार योजनेचे अर्थसहाय्य घेत आहात. तथापि शिधापत्रिकेवरील नोंदीनुसार आपण विवाहित असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, अपात्र कालावधीत उचललेली रक्कम रुपये एक लाख एकोणीस हजार चारशे शासनास परत करावी. अन्यथा ती जमीन महसुलाची थकबाकी समजून कुटुंबप्रमुखाच्या मिळकतीवर बोजा चढवून वसूल करण्यात येईल.'"

बोजा म्हटल्यावर गोपालने मान खाली घातली. सातबाऱ्यावर बोजा चढला की पुढच्या हंगामाचं पीककर्ज अडणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रामरावांनी चष्मा काढून पुसला. कुसुमने उंबऱ्याकडे एक नजर टाकली.

कोकिळाचे हात मात्र शेंगांवरच थांबले होते. तिला खालचं काही ऐकायचंच नव्हतं. तिला ती वरची ओळ पुन्हा हवी होती, जी काकांनी जाऊ दे म्हणून सोडून दिली. मंगळवारी पोस्टमनने कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिने ती स्वतः वाचली होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, सरकारी मराठी तिला अडखळत का होईना येत होती. सौ. कोकिळाबाई मारोतराव भोयर. तिने ती ओळ आधी दारात वाचली, मग म्हशीला पाणी दाखवून आल्यावर वाचली आणि मग बाकीचा कागद वाचून ती उंबऱ्यावरच बसली. पण आधी तिला बरं वाटलं होतं, हे खोटं कसं म्हणायचं? लाखाच्या वसुलीची नोटीस घेऊन हरखणारी बाई सगळ्या तालुक्यात हीच असेल.

बारा वर्षांमागे, मारोतरावांची पहिली बायको जाऊन वर्ष होत आलं तेव्हा, रामरावांनीच हिला झरी जामणीकडच्या एका गावातून आणलं होतं. नवरा गेलेला, पोटी मूलबाळ नाही, भावाकडे राहत होती. मारोतीच्या देवळामागे पाट लागला. पाच माणसं, एक लुगडं, एक नारळ. ना वाजंत्री, ना पत्रिका, ना फोटो. विधवेचा पाट असाच लागतो, त्याचा गाजावाजा करायचा नसतो. दुसऱ्या दिवसापासून गोपाल आणि कुसुम, दोघंही तेव्हा लेकराबाळांचे, तिला मावशी म्हणू लागले. आता मावशी हा शब्द मोठा सोयीचा. आईची बहीणही मावशी आणि भांडी घासायला येते तीही मावशीच. दोघांपैकी आपण कोणती, हे कोकिळाने बारा वर्षांत विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

रेशनकार्डावर तिचं नाव चढलं तेव्हा नात्याच्या रकान्यात कुणीतरी 'इतर' लिहून दिलं. गेल्या साली रेशनचं सगळं पुन्हा ऑनलाइन करायचं निघालं. घरातली शिकलेली म्हणून अर्पिताला पाठवलं. तिने सेवा केंद्रातल्या माणसाला सांगून 'इतर' खोडलं आणि 'पत्नी' टाकलं. एवढंच झालं होतं.

"तुले कोन सांगतलं होतं शहाणपना करायले?" गोपाल आता तिच्यावर घसरला.

"मंग काय टाकू?" अर्पिता म्हणाली. "आजोबाची बायको म्हंजे पत्नीच ना? मशीनमंदी मावशी असा ऑप्शनच नव्हता."

प्रमिलाला, गोपालच्या बायकोला, हसू फुटलं. तिने ते पदराने दाबलं, पण कुसुमने पाहिलंच.

"हसा तुमी," कुसुम म्हणाली. "बाबाच्या वावरावर बोजा चढला की मंग हसजा."

मारोतराव खाटेवर बसून सुपारी कातरत होते. एक्काहत्तर वर्षांचा हा माणूस स्वभावाने इतका मऊ, की जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटे. घरात भांडण लागलं की दोन्ही बाजू त्यांना आपल्याकडचं समजत आणि दोन्ही बाजूंचं ते बरोबर असे. आत्ताही ते म्हणाले, "तुमी समदे मिळून ठरवा बावा. मी काय, सही करतो."

"ठरवायचं काय त्यात," रामराव म्हणाले. तीस वर्षांत शेकडो भानगडी फायलींत झोपवल्याचा आवाज त्यांच्या तोंडून निघाला. "लग्न झालं असंन तं वसुली. लग्नच नसंन झालं तं वसुली कायची? पाटाले कागद नाही, फोटो नाही. बारा वाजता तलाठी जबाब घ्यायले येऊन राह्यला. त्याच्यापुढं दादानं एवढं म्हनायचं, की पोरीनं ऑनलाइनमंदी चुकून टाकलं. रकाना दुरुस्त, नोटीस रद्द. मी जबाब लिहूनच आनला."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वाचला. "'सदर महिला माझे दूरचे नात्यातील असून मागील बारा वर्षांपासून माझे घरी घरकामास आहे. तिचा व माझा विवाह झालेला नाही.'"

कोकिळाने हातातली शेंग परत परातीत टाकली. शब्दांचं तिला एवढं लागलं नाही, पण आवाज भाऊजींचा होता. देवळामागे ज्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या पदराला गाठ मारली, नारळ फोडला आणि "वहिनी, आता घर तुमचं" म्हटलं, तेच हे भाऊजी. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हेही तिला माहीत होतं. त्यांना फक्त एक नोटीस रद्द करायची होती.

"चांगलं लिहिलं काका," कुसुम म्हणाली. "असंच द्या."

"काका," प्रमिला अगदी गरिबासारखा चेहरा करून म्हणाली, "घरकामाले हाय म्हनता, तं पगार किती लिहू?"

"कायचा पगार?"

"कामाच्या बाईले पगार द्या लागते ना. तलाठी इचारणारच. महिन्याले चार हजार धरा, कमीतकमी. चुलीपासून म्हशीच्या धारेपर्यंत समदं हायच. बारा वर्षांचा काढा तुमीच, तुमाले तं हिशेब येते. सरकारचं परवडलं असं म्हनाल."

"तू चूप बैस," गोपाल म्हणाला.

"मी तं पगार इचारून राह्यली."

प्रमिलाला कोकिळाचा कळवळा किती आणि नणंदेवरचा राग किती, हे तोलायला सोनाराचा तराजू लागला असता. गेल्या दिवाळीला कुसुमने तिच्या करंज्यांना तेलकट म्हटलं होतं, ते अजून मिटायचं होतं. पण बोलली ते बोलली. कोकिळाने मान वर करून या सुनेकडे पाहिलं. बारा वर्षं एका चुलीपाशी वावरून दोघींनी एकमेकींशी मीठ-मिरचीपलीकडे फार बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

रामरावांनी कागद आणि एक पेन भावापुढे धरलं. "दादा, तू कर सही. तलाठी आला की नुसता हातात द्यायचा."

मारोतरावांनी पेन घेतलं. कागद घेतला. चष्मा डोळ्यांवर होता तरी हाताने चाचपला. मग त्यांनी पेन खाटेवर ठेवलं आणि पुन्हा अडकित्ता उचलला. "माह्या हातानं हे होत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, रागही नव्हता. "समदं म्हना, पन हे नाही होत."

"मंग काय होते?" कुसुम उठून बापाजवळ बसली. आता तिच्या मनातलं खरं बाहेर येणार हे सगळ्यांनाच कळलं. "बाबा, तुमी बायको म्हना, माहं काही म्हननं नाही. पन मंग उद्या तुमच्यामागं वावरात तिसरा हिस्सा लागते. गोपाल बोलत नाही, पन थो रात-रात झोपला नाही, मले फोन करून सांगतलं त्यानं. तुमाले बायकोच लिहायची हाय ना, तं आधी मावशीकडून हक्कसोड घ्या. एक कागद इकडं, एक तिकडं. कोनाचंच नुकसान नाही."

रामरावांना ही तोड पसंत पडली. पेन पुन्हा हातात घेऊन ते लगेच दुसरा मसुदा मनात जुळवू लागले. गोपाल भिंतीकडे पाहत होता. आपण फोनवर बोललेलं कुसुमने असं चारचौघांत उघडं केलं, याचा त्याला राग आला होता.

"मावशी," कुसुमने हाक मारली, "इकडं या."

कोकिळा परात बाजूला सारून उठली. तिने हात पुसले आणि ओसरीत येऊन खांबाला टेकून उभी राहिली. तिला या घरात कुणी पहिल्यांदाच असं बैठकीत बोलावत होतं.

"तुमाले वावर पायजे का?" कुसुमने सरळ विचारलं.

सगळ्यांना वाटलं, ती नाही म्हणेल. कोकिळालाही क्षणभर तसंच वाटलं. मला काही नको, तुमच्या पायाशी जागा द्या, असं काहीतरी म्हणायची वेळ होती आणि ते वाक्य ओठांवर तयारही होतं. बारा वर्षं ती अशीच वाक्यं बोलत आली होती.

"थे मी आज नाही सांगत," ती म्हणाली. "थे अजून जिते हायत. त्यायच्या समोर त्यायच्यामागचं कायले बोलायचं? तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा, कुसुमबाई."

"म्हंजे पायजेच."

"मी हो बी नाही म्हनलं, नाही बी नाही म्हनलं."

"ऐका!" कुसुम सगळ्यांकडे वळून म्हणाली. प्रमिला घाईघाईने आत चहा टाकायला गेली. गोपाल उठला आणि पायांत चपला सरकवून मागच्या दाराने गोठ्याकडे निघून गेला.

कोकिळाने परातीतून मूठभर शेंगा एका वाटीत घातल्या आणि त्याच्या मागोमाग गेली.

गोपाल बैलापुढे कडबा टाकत होता. टाकून झाला तरी टाकतच होता. बैलाने तोंड बाजूला केलं तेव्हा तो थांबला. कोकिळाने वाटी गव्हाणीच्या कडेवर ठेवली. त्याने ती पाहिली, घेतली नाही.

"तुमाले मालूम होतं," तो म्हणाला. "दर साली हयातीचा दाखला द्यायले जात होत्या तुमी. त्याच्यावर लिहिलं असते, पुनर्विवाह केला नाही म्हनून. तुमाले वाचता येते."

"येते."

"मंग काहून सह्या केल्या?"

खोटं बोलायचं तर कोकिळाला सोपं होतं. वाचलंच नाही म्हणायचं, ग्रामपंचायतीतल्या पोराने सही कर म्हटलं आणि केली. पण सकाळपासून तिने इतकं खोटं ऐकलं होतं, की स्वतःच्या तोंडून आणखी एक काढायचा तिला कंटाळा आला.

"पहिल्या साली कागद दोनदा वाचला," ती म्हणाली. "मंग मी इचार केला, मी लग्नाची हाय का नाही, थे मले तरी कोन सांगतलं? रेशनवर इतर. तुह्या तोंडी मावशी. खुशीच्या लग्नाच्या पत्रिकेत समद्यायची नावं होती, पार तुह्या चुलतसासऱ्याचं बी होतं. माहं नव्हतं. सरकार एकटं म्हने, तू विधवा हाय, हे घे पैसे. म्हनलं, बरं हाय. कोनी तरी काही तरी म्हनते."

खुशी ही कुसुमची मुलगी. त्या पत्रिकेचा मजकूर गोपालनेच छापखान्यात नेऊन दिला होता. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"अन् त्या पैशाचं काय केलं?"

"चैन केली," कोकिळा म्हणाली. "कळंबले गेली की चिंतामणीचं दर्शन घेतलं अन् बाहेर येऊन पेढे खाल्ले. भावाच्या लेकीले दोन साड्या घेतल्या. मोबाईल घेतला. कोनाले इचारा नाही लागलं. चुकलंच माहं, मी नाही म्हनत नाही. फेडा तं लागनच. कपाशीची शेवटची वेचनी लोकायच्या वावरात बी चालू हाय, जाईन. हप्ते पाडून मागीन."

गोपालला बहुधा रडारड अपेक्षित होती. तिची तयारी करूनच तो गोठ्यात आला असावा. पेढ्यांचं त्याला काय करावं कळेना.

"अन् बोजा? माहं कर्ज?"

"थेच म्हनून मी आली." ती एक पाऊल पुढे आली. तिचा आवाज चुलीपुढे असतो तसाच निघाला. "गोपाल, मी या घरात आली तवा तू चौतीस वर्षांचा होता. तुले माय पायजेच नव्हती, मले समजते. मी कधी म्हनलं नाही तसं. पन आज तलाठी इचारनार हाय अन् मले काही तरी सांगा लागन. तुह्या मनात जे हाय थे म्हन. कामाची बाई म्हन, मी त्यायले तसंच सांगते. तुहा बोजा बी टळते अन् हिस्सा बी. पन काकानं लिहिलेलं नको. रामराव भाऊजी तं काहीबी लिहितात. तू म्हन, तुह्या तोंडानं."

गोपालने तोंड उघडलं. तिला दिसलं, की शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला होता. त्याने बैलाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, वर पत्र्याकडे पाहिलं. मग कुंपणाबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"तलाठी आला वाटते," तो म्हणाला आणि तिच्या बाजूने निघून गेला.

तिने वाटी उचलली. शेंगा तशाच होत्या. तिला आता राग यायला हवा होता, पण आलं ते वेगळंच. कुणी सांगणार नाही हे एकदा नीट कळल्यावर तिला हलकं वाटू लागलं. आता जे सांगायचं ते आपल्यालाच, असं ती मनाशी म्हणाली आणि हौदावर जाऊन तोंड धुतलं.

तलाठी पूनमसिंग राठोड तिशीतला, नेटका माणूस. दिग्रसकडच्या तांड्यातला, बोलायला गोड. त्याने खुर्ची घेतली, चहा घेतला, शेंगाही घेतल्या आणि गुडघ्यावर फाईल उघडली. रामरावांनी लगबगीने आपला कागद पुढे केला. "साहेब, जबाब तयार हाय. मी बी खात्यातलाच."

"काका, जबाब मलाच लिहा लागतो," राठोड हसून म्हणाला. "अन् ज्याच्या नावानं नोटीस हाय, त्याच्या तोंडचा. कोकिळाबाई कोण?"

"मी."

"बसा, बाई."

माहेरवाशीण सोडली तर ओसरीवर बाईमाणसाने पुरुषांसमोर बसायचा या घरात रिवाज नव्हता. कोकिळा बसली, पण चटईच्या कडेला. कुसुम दाराच्या चौकटीत उभी होती. मारोतराव खाटेवर, रामराव त्यांच्या शेजारी आपला कागद मांडीवर घेऊन. गोपाल पायरीवर उकिडवा बसून काडीने मातीत रेघा ओढत होता.

"पहिल्या पतीचं नाव फायलीत हाय," राठोड म्हणाला. "मयत दाखला बी हाय. आता विचारायचं एवढंच. तुमचा पुनर्विवाह झाला का नाही? घाई नाही, विचार करून सांगा. जे सांगाल ते मी लिहीन, वाचून दाखवीन, मग सही."

रामराव खाकरले. कुसुमने चौकट घट्ट धरली.

"झाला," कोकिळा म्हणाली. "पाट लागला. बारा वर्षं झाली. देवळामागं. हे भाऊजी होते तिथं, यायनंच गाठ मारली. अन् मी पैसे घेतले थे बी खरं हाय. थे मी फेडते."

तिने कुणाकडेही पाहिलं नाही. रामरावांनी मांडीवरच्या कागदाची एक घडी केली, मग आणखी एक, आणि तो खिशात घातला. "होतो मी," ते हळूच म्हणाले. "खोटं कायले बोलू."

राठोड लिहीत होता. लिहिता लिहिताच त्याने विचारलं, "आताच्या पतीचं पूर्ण नाव?"

कोकिळा गप्प राहिली.

राठोडचं पेन कागदावर थांबलं. "बाई, पतीचं नाव सांगा."

तिने पदर कपाळावर आणखी खाली ओढला. खाटेवर मारोतराव होते, दोन हातांवर. त्यांचा अडकित्ताही थांबला होता. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने चटईची काडी दाबत राहिली. राठोडने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे. पाटाच्या भानगडी त्याने पुष्कळ पाहिल्या असाव्यात. ऐन वेळी बाईचा धीर सुटतो, घरच्यांचा धाक असतो, हे त्याला माहीत होतं. त्याने आवाज मऊ केला.

"बाई, कोणाचा दबाव हाय का? नाव सांगता येत नसंल, तर पुनर्विवाह सिद्ध होत नाही. मग मी 'नाही' असं लिहू का? तुमच्यावर वसुली बी येणार नाही."

कुसुमने बापाकडे पाहिलं. इतक्या सोप्या रीतीने सगळं सुटत होतं. कुणालाच काही खोटं बोलावं लागणार नव्हतं. सगळ्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. गोपालची काडी मातीत थबकली. कोकिळाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला बोलायचं होतं, पण जीभ वळत नव्हती, आणि का वळत नाही हे या परक्या माणसाला कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं. तिचे डोळे भरून आले, ते लाजेने. राठोडने पेन कागदाला लावलं.

"थांबा साहेब," गोपाल म्हणाला.

तो पायरीवरून उठला. काडी टाकून त्याने हात धोतरासारख्या चुरगळलेल्या पँटला पुसले. त्याचा चेहरा कुणाशी भांडून आल्यासारखा लाल झाला होता.

"दबाव गिबाव काही नाही. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत," तो म्हणाला. "लिहा. मारोतराव शिवराम भोयर. मी त्यायचा पोरगा हाय, मी सांगतो."

राठोडने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. मारोतरावांनी अडकित्ता खाली ठेवून उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले. कुसुमचा चौकटीवरचा हात सुटला. प्रमिला आतून रिकामे कप न्यायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

राठोडने जबाब वाचून दाखवला. वसुलीची रक्कम वाचली, हप्त्यांसाठी वेगळा अर्ज द्यावा लागेल हे सांगितलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. कोकिळाने पेन घेतलं. बारा वर्षं ती पहिल्या नवऱ्याच्या नावाने सही करत आली होती, हात त्याच वळणाचा झाला होता. तिने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, कोकिळा मारोतराव भोयर. 'मारोतराव' तिने तोंडाने घेतलं नव्हतं, पण लिहायला कुणाची हरकत नसते.